तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या नोकरीतली पहिली मुलाखत मी घरातच घेतली आणि ती पहिल्याच प्रश्नाला फसली.

संशोधन संस्थेत लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. अर्थशास्त्रातली पदवी ताजी होती आणि डोक्यात हवा भरपूर. बायका घरात राबतात ते काम देशाच्या आकड्यांत कुठेच येत नाही, ते मोजायचं कसं, हा माझा विषय. त्यासाठी आम्ही एक वही तयार केली होती. दिवसाच्या एकेका तासाला एक ओळ. त्या तासात बाईनं काय केलं ते एका रकान्यात, आणि कुणासाठी केलं ते शेजारच्या रकान्यात. वही गावोगाव नेण्याआधी कुणावर तरी करून पाहायला हवी होती. हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या घरात आत्या होती, आणि आत्याकडे वेळ मागितला की तो मिळायचा.

"आत्या, काल सकाळी पाच ते सहा काय केलंस?"

"खरंच लिहायलीस का काय?"

"हौ, खरंच."

"मग लिही की, मी पाहुणी आहे. पाहुण्या बाईला कसलं काम असतंय?"

हे बोलताना तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. आदल्या दिवशी पाच वाजता उठून तिनं पाण्याची मोटर लावली होती, बाबांचा चहा केला होता, बँकेत जाणाऱ्या आईचा डबा भरला होता आणि माझ्या कुर्त्याला इस्त्रीसुद्धा केली होती. तरी पाहुणी. मी चिडले, तर म्हणाली, "चिडू नको गं, खाली-पिली बीपी वाढतंय."

हा आमच्या घरातला जुना विनोद होता. आत्या माहेरपणाला आलेली होती. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिची ही थोरली नणंद माहेरपणालाच आलेली होती. नव्या नवरीनं महिनाभर वाट पाहिली, वन्सं आज जातील, उद्या जातील. मग माझा जन्म झाला, माझी शाळा झाली, कॉलेज झालं, आणि आत्याचं माहेरपण चालूच होतं. तिची लोखंडी ट्रंक पलंगाखाली असायची, बांधाबांध केल्यासारखी. रोजच्या चार साड्या ती त्या ट्रंकेवरच घडी घालून ठेवायची. आईनं किती वेळा कपाटातला एक खण रिकामा करून दिला. आत्याचं उत्तर ठरलेलं असे, "नक्को वैनी. जायच्या वेळी पुन्हा भरायचं म्हणजे डबल काम."

खरी गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, तोंडातून कुणी काढत नसे. निजामाबादच्या पलीकडच्या गावात, एका मराठी शेतकरी घरात तिला दिलं होतं. तीन वर्षं मूल झालं नाही. दिवाळीला माहेरी पाठवली, ती पाठवलीच. आपलं आपण उठून सासरी परत जायची आमच्यात रीत नाही, तिकडून कुणीतरी न्यायला यावं लागतं. कुणी आलं नाही. वर्षाच्या आत त्या घरात दुसरी बायको आली. तरी आत्याच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू ती दरवर्षी "एवढं इथलं करून जाते" असं म्हणत करायची.

हे सगळं एका कागदावर तगून होतं. बाबा जमिनीच्या नोंदींच्या खात्यात होते. मी लहान असताना ते कामानिमित्त त्या भागात गेले आणि कुणाच्या तरी ओळखीनं त्या घराचं रेशनकार्ड पाहून आले. घरी येऊन म्हणाले, "अक्का, तुझं नाव आहे कार्डावर. काढलेलं नाही." त्या दिवशी आत्यानं पाव तळून, पाकात घालून डबल का मीठा केला होता, असं आई अजून सांगते.

ते नाव तिला लग्नात मिळालं होतं. आमच्यात लग्नाच्या वेळी नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, बायका वाकून वाकून वाचतात आणि हसतात. आत्याला ते तांदूळ लख्ख आठवायचे. "अक्षर चांगलं होतं यांचं," ती म्हणायची. माहेरी त्या नावानं तिला कुणी हाक मारत नव्हतं. बाबांची ती अक्का, आईची वन्सं, माझी आत्या. ते नाव तिकडच्या कार्डावर राहत होतं, आणि तिच्या मते तिचं घर म्हणजे ते नाव जिथे आहे ते. आमच्या कार्डावर तिला घालायचा विषय निघाला की ती म्हणायची, एका माणसाचं नाव दोन ठिकाणी चालत नाही. आधार कार्डं निघाली तेव्हा आम्ही तिघं रांगेत उभं राहून आलो. आत्या म्हणाली, "मी तिकडं गेल्यावर काढते."

संस्थेत माहिती गोळा करायला येणाऱ्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. दोन गोष्टी मी त्यांच्याकडून अक्षरशः पाठ करून घ्यायचे. कुटुंब म्हणजे नातं नव्हे. गेले सहा महिने एका छपराखाली राहून एका चुलीवरचं जेवणारी माणसं, ते कुटुंब. आणि दुसरी गोष्ट, उत्तर आपल्याला माहीत असलं तरी प्रश्न विचारायचाच. एकही प्रश्न गाळायचा नाही, आणि बाई सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनातलं नाही. कुणी मुलगी कंटाळून स्वतःच उत्तर भरताना सापडली, तर मी तिला सगळ्यांसमोर झापायचे. तेव्हा माझा आवाज फार चढायचा.

आत्याच्या वहीवर माझा पहिला निबंध उभा राहिला. त्याची सुरुवातच तिच्या दिवसानं होती. चर्चासत्रात तो लोकांना आवडला, आमच्या विभागाच्या बाईंनी पाठ थोपटली. मी तरंगत घरी आले आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून आत्याला तो मराठीत सांगितला. तिनं सगळा ऐकला.

"माझं नाव घातलंस का?"

"नाही गं. नाव घालत नाहीत. नियम आहे तसा, बाईची ओळख कुणाला कळू नये म्हणून."

"मग ती मी आहे, हे लोकांना कसं समजणार?"

"समजू नये म्हणूनच तर नियम."

"अजीब आहे बाई तुमचं," असं म्हणून ती कुकर उतरवायला गेली. मला हसू आलं होतं. पुढच्या चर्चासत्रात चहाच्या वेळी मी हा किस्सा चारचौघांना सांगितलासुद्धा. तो आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ती राज्य दुभंगण्याची वर्षं होती. ऑफिसांच्या पाट्या उतरत होत्या, नव्या चढत होत्या, कुठे नुसतंच जुन्या अक्षरांवर पांढरा रंग मारून ठेवला होता. बाबांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं आणि ते दिवसभर फायलींच्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायचे, हा गठ्ठा इकडचा, हा तिकडचा. घरी येऊन म्हणायचे, "माणसंसुद्धा अशीच वाटायलेत." आमच्या घराला हे नवं नव्हतं. आजोबांच्या काळात जुन्या हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, तेव्हा अर्धे नातेवाईक बसल्या जागी दुसऱ्या राज्यात गेले होते आणि आम्ही बसल्या जागी इथले राहिलो होतो.

नवं राज्य होऊन थोडेच महिने झाले असतील, सरकारनं जाहीर केलं की एकाच दिवसात सगळ्या घरांची मोजणी होणार. त्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या घरी हजर राहायचं. दुकानं बंद, ऑफिसं बंद, बस बंद. जो घरी सापडणार नाही त्याचं नाव लागणार नाही आणि ज्याचं नाव लागणार नाही त्याला पुढे काही मिळणार नाही, अशी हवा शहरभर पसरली. गावाकडची माणसं आठवडाभर आधीपासून बोचकी बांधून निघाली. आमची कामवाली गेली, समोरचा वॉचमन बायकोपोरांसकट गेला.

आत्यानं बातमी टीव्हीवर ऐकली. हातातली भाजी तशीच राहिली.

"प्रत्येकानं आपापल्या घरी," ती म्हणाली. "मग मला जायला पाहिजे."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "अक्का, तुझं घर हेच आहे की."

"नाव कुठं आहे माझं? तिकडंच ना? तूच बघून आलास."

बाबांनी पेपरची घडी घातली.

"इतकी वर्षं न्यायला माणूस नाही आला," आत्या हसत म्हणाली. "आता सरकारच आलं न्यायला. त्याला नाही कसं म्हणू?"

ती हसत होती खरी, पण मी तिला इतकं तरतरीत कधी पाहिलं नव्हतं. साठीची बाई, पण चालण्यात एकदम लगबग आली. पलंगाखालून ट्रंक ओढून तिनं कुलूप काढलं आणि तळातली एक हिरवी साडी उन्हात टाकली.

बाबा तयार नव्हते. त्यांना समजावलं ते मी. मी म्हटलं, हा तिचा हक्क आहे. घटस्फोट झालेला नाही, कायद्यानं तीच त्यांची बायको, तिची नोंद तिथेच व्हायला हवी, तिला घरात बसवून ठेवणारे आपण कोण? मला बोलता येत होतं, आणि घरात माझ्या बोलण्यापुढे हल्ली कुणी टिकत नसे. आईनं एकच प्रश्न विचारला. "हक्काचं राहू दे. ती तिथं जाऊन बसणार कुठं, ते सांग."

मी आईला त्यावरही एक भाषण दिलं.

आता खरं सांगते. हक्क वगैरे सगळं होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला ते हवं होतं. टाकलेली बायको मोजणीच्या दिवशी नवऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते, तेव्हा काय होतं? असं कुठल्या पुस्तकात मिळणार होतं? आमच्या घरात, माझ्या समोर, तो प्रश्न हिरवी साडी वाळवत होता. मी स्वतः तिच्याबरोबर जाऊ शकले असते. पण मग माझं नाव आमच्या घरात लागलं नसतं. तेवढं भान मला होतं.

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आम्ही दोघी बेगम बाजारात गेलो. तिनं खारीक-खोबरं घेतलं, स्टीलचे दोन झाकणाचे डबे घेतले, घासाघीस करून करून दुकानदाराला दमवलं. मग एका कापडाच्या दुकानापुढे थांबली आणि ब्लाउजपीस पाहायला लागली. एक निळा उचलला, ठेवला, एक जांभळा उचलला.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"तिला नको का काही? पण ती गोरी आहे का सावळी, मला कुठं माहीत आहे." शेवटी तिनं दोन्ही घेतले.

मोजणीच्या दोन दिवस आधी मी तिला जुबिलीच्या बसस्टँडवर सोडलं. बसला माणसं लोंबकळत होती. कंडक्टरच्या हातापाया पडून मी तिला पुढची जागा मिळवून दिली आणि खिडकीतून तिच्या पिशवीत एक वही सरकवली.

"आत्या, मोजणीचा दिवस यात लिहून आण. तासातासाचं, आपण करतो तसं."

"कुणासाठी केलं, ते पण?"

"ते पण."

"बरं बाई. तुझं बी काम होऊन जाईल," ती म्हणाली. बस निघाली तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं नाही. ट्रंक नंतर कुणाबरोबर तरी मागवून घेईन, असं ती आईला सांगून गेली होती.

मोजणीच्या दिवशी हिमायतनगरचा मोठा रस्ता पार मोकळा होता. अकराच्या सुमाराला एक तेलुगू शाळामास्तर आमच्याकडे आले, बगलेत फॉर्मचा गठ्ठा, घामाघूम झालेले. आईनं सवयीनं चार कप चहा केला होता, चौथा त्यांना दिला.

"घर में कित्ते लोगां हैं अम्मा?"

"तीन," मी म्हटलं.

"बस तीनच? और कोई नै?"

"एक फूफी हैं. उनका नाम गाँव में है, उधरिच गए वो."

त्यांनी मान डोलावली आणि तीन माणसं लिहून घेतली. कुटुंब कशाला म्हणायचं, हे शेकडो वेळा फळ्यावर लिहिलेली मी, माझ्याच तोंडानं आत्याला आमच्या चुलीवरून उठवलं. तेव्हा ते मला खटकलंसुद्धा नाही. मी आनंदात होते. तिकडे त्याच वेळी तिचं नाव लागत असेल, असं मनात आणून मी खूश होते.

आत्या मोजणीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. आम्हाला वाटलं होतं निदान आठवडाभर राहील. रिक्षातून उतरली, हातपाय धुतले, स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, "वैनी, कपाटातला तो खण रिकामा आहे का अजून?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं त्या खणातल्या चादरी काढल्या. आत्यानं ट्रंक उघडली, एकेक साडी काढून, झटकून खणात लावली. ट्रंक रिकामी झाल्यावर मला म्हणाली, "ही गॅलरीत नेऊन ठेव. कांदे-बटाट्याला होईल."

"आत्या, काय झालं तिथं?"

"सगळं ठीक झालं. वही पिशवीत आहे बघ."

मी वही काढली. हावऱ्यासारखी काढली, हे लिहायलाच हवं. खोलीत जाऊन, दार लोटून, हातात पेन्सिल घेऊन बसले. खुणा करायला.

तिनं सगळं नियमाप्रमाणे लिहिलं होतं. पाच ते सहा: उठले, ओट्यावर बसले. सहा ते सात: अंगण झाडलं, सडा घातला. कुणासाठी, या रकान्यात लिहिलं होतं, घरासाठी. सात ते आठ: चहा मिळाला. पाहुण्यांच्या कपबशीत दिला. आठ ते नऊ: न्हाऊन हिरवी साडी नेसले. नऊ ते अकरा: ओट्यावर बसले. अकरा ते बारा: मोजणीवाला आला. सगळ्यांना ओसरीत बसवलं. यांनी कार्ड दिलं. त्यानं यांचं नाव वाचलं. मग माझं नाव वाचलं. मी उठायला गेले, तर ती उठली. हो म्हणाली. मोजणीवाल्यानं माझ्याकडे बघून विचारलं, या कोण. हे म्हणाले, पाहुणी, हैदराबादची. मग मी मोजणीवाल्याला पाणी दिलं.

बारा ते एक: काही काम नाही. आणि शेजारच्या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली होती.

मी ते तीनदा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात उतरलं. कार्डावर आत्याचं नाव होतं, बाबांनी पाहिलं होतं ते खरं होतं. कुणी काढलं नव्हतं, कारण काढायची गरजच पडली नव्हती. नवी बायको आली, तिला कार्डावरचं जुन्या बायकोचं नाव दिलं, काम भागलं. तांदळात नाव लिहायचे कष्टसुद्धा त्या माणसानं दुसऱ्यांदा घेतले नाहीत. आणि इतकी वर्षं आम्ही सगळे, बाबा, मी, आत्या, त्या नावाकडे बघून तिला धीर देत आलो.

बाहेर आले तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि रडायला लागले. मी. ती नाही, मी.

"रडू नको गं," ती म्हणाली. "ती वाईट नाही. सावळी आहे, निळा शोभला तिला. मोजणीवाला गेल्यावर आत बोलावलं मला आणि पायच धरले. म्हणाली, अक्का, लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुमच्या नावानं हाक मारायलेत. माझ्या आईनं ठेवलेलं नाव मला आता कुणी बी घेऊन बोलावत नाही. आई होती तोवर ती घ्यायची."

मला नेहमीसारखा राग सुचला. मी म्हटलं, मी तक्रार लिहिते. हा गुन्हा आहे. तुझं नाव, तुझं वय, तुझी ओळख चोरली आहे या माणसानं. कलेक्टरपर्यंत जाऊ. माझा आवाज पुन्हा चढला होता.

"आणि पोरांचं काय?" आत्यानं विचारलं.

"कुठली पोरं?"

"तिची. दोघं पोरं, एक पोरगी. थोरला फौजेत आहे. त्याच्या फौजेच्या कागदावर आईचं नाव माझं आहे. पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर माझं. तू तक्रार देशील, तर त्या पोरांची आई खोटी पडेल." तिनं ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "कागदावर तीन लेकरं आहेत मला. मला तरी कुठं माहीत होतं?"

हे ती हसून म्हणाली आणि मग तिचा चेहरा जो मोडला, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. मूल झालं नाही म्हणून जिला पाठवून दिलं, तिला मिळालेली ही लेकरं. ती तोंडावर पदर घेऊन बराच वेळ हलत राहिली. आईनं येऊन तिच्या मांडीवरचं तांदळाचं ताट उचलून नेलं.

पुढे काही दिवसांनी मी विभागाच्या बाईंना हे सांगितलं, सुट्टी का घेतली ते सांगायचं म्हणून. त्या म्हणाल्या, हे लिही, असं काही सहज हाती लागत नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. महिनाभरापूर्वी मीही अगदी तेच म्हटलं असतं. मी केबिनमधून उठून आले.

घरी आल्यावर आत्यानं स्वतःहूनच विचारलं, "ते लिहिणार आहेस का?"

"नाही."

"लिही की. तुझ्यासाठीच तर लिहून आणलं मी. फक्त नाव घालू नको."

"घालत नाहीतच."

"हौ, माहीत आहे. पण चुकून बी नको. ते आता तिचं आहे."

नव्या राज्याची नवी रेशनकार्डं निघाली तेव्हा बाबांनी विषय काढला. आत्याचं नाव आता आमच्या कार्डावर घालायचंच. पण सासरचं नाव घालणं शक्य नव्हतं, ते तिकडे कार्डावरही होतं आणि आता मोजणीतही लागलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले, माहेरचं नाव घालू. ट्रंक रिकामी करताना तिच्या तळाशी आत्याचा शाळेचा दाखला निघाला होता, आठवी पास, तांदळात नाव लिहिण्याच्या आधीचा. त्यावर तिचं पहिलं नाव होतं, आजोबांचं नाव होतं, आमचं आडनाव होतं. एवढा पुरावा पुरे होता. बाबांनी तिला एवढंच विचारलं, "अक्का, चालेल ना?" आणि तिनं मान हलवली.

मी नामपल्लीच्या ऑफिसातून फॉर्म आणला. रविवारी सकाळी आम्ही जेवायच्या टेबलावर बसलो, मी आणि ती. पेन माझ्या हातात होतं.

"नाव?"

तिनं सांगितलं. ते नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी लिहिलं.

"वडिलांचं नाव? वय? शिक्षण?"

तिनं एकेक सांगितलं. शिक्षण सांगताना जरा ताठ बसली.

"काम?"

"पाहुणी लिहू नको आता," ती म्हणाली. "घरकाम लिही."

पुढचा रकाना आला. मला उत्तर माहीत होतं. माहेरच्या नावानं, वडिलांच्या नावानं, भावाच्या घरात राहणाऱ्या बाईच्या फॉर्मवर तिथे एकच गोष्ट लिहिता येत होती. न विचारता मी ती लिहून पुढे जाऊ शकत होते आणि आज वाटतं, जायला हवं होतं. पण मी थांबले. इतक्या पोरींना झापलेली मी, माझ्या तोंडून प्रश्न बाहेर पडलाच.

"आत्या, लग्न झालंय?"

तिनं पदर गळ्याशी ओढून घेतला, मंगळसूत्र झाकेल असा.

"नाही," ती म्हणाली.

माझं पेन हलेना.

"बघतीस काय? बाई सांगेल तेच लिहायचं ना?"

मी अविवाहित लिहिलं. फॉर्म तिच्याकडे फिरवला आणि सहीची जागा दाखवली. तिनं चष्मा पुसला, पेन घेतलं आणि सही करायला लागली. पहिलं अक्षर लिहून तिचा हात थांबला. ते अक्षर तिकडच्या नावाचं होतं. तिनं ते खोडलं, नीट, दोन रेघा मारून, आणि त्याच्यापुढे आपलं पहिलं नाव लिहिलं.

खाडाखोड असलेला फॉर्म घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नामपल्लीहून नवा फॉर्म आणला आणि सगळे प्रश्न तिला पुन्हा विचारले.